धार लावून घ्या ताई, मी आहे

प्रिय दादा,

वयाने तू माझ्यापेक्षा निदान पंधरा वर्षांनी लहान असशील, तरी दादाच लिहावंसं वाटतंय. आपण एकमेकांना पाहिलेलं नाही. तुझा आवाज आणि गेममधल्या तुझ्या शिकाऱ्याच्या पाठीवरची ती भलीमोठी तलवार, एवढीच आपली ओळख. पण परवा रात्री तू जे केलंस ते मनातून हलत नाही. चार लोकांसमोर सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

भावाने परदेशी जाताना त्याचं प्लेस्टेशन माझ्याकडे ठेवलं, त्यात 'मॉन्स्टर हंटर: वर्ल्ड' होता. २०१८ चा, राक्षसी प्राण्यांची शिकार करायचा गेम. दिवसभराचं सगळं आवरून रात्री दहानंतर जे दोन तास माझे असतात, ते मी त्या प्राचीन अरण्याला देऊन टाकले. आणि दोन महिने अंजानाथ नावाच्या आग ओकणाऱ्या प्राण्यापाशी अडकून बसले.

भावाच्या ओळखीच्या तिघांनी मला सोबत घेतलं होतं. चौघांत मिळून तीनदा बेशुद्ध पडलं की सगळ्यांचीच शिकार फुकट जाते. तिन्ही वेळा मीच पडले. गेममधल्या मांजरांनी मला गाडीत घालून तंबूपाशी आणून टाकलं आणि कानात त्या तिघांचे सुस्कारे ऐकू आले. "व्हिडिओ बघून या," म्हणाले. बघितले. चौदा शस्त्रांपैकी सगळ्यात भारी कुठलं, यावर तासन्‌तास बोललेले व्हिडिओ. त्यांच्याच सांगण्यावरून लांब तलवार घेतली, ती मला कधी झेपलीच नाही. दुसऱ्या रात्री पुन्हा पडले, तेव्हा एक शब्द न बोलता मला पार्टीतून काढून टाकलं. शिकार बुडाली म्हणून माणूस चिडतो, ते मी समजू शकते. पण माझी तलवार अंजानाथच्या पायावर आपटून टणकन मागे उडत होती, ते तिघांच्याही डोळ्यांसमोर होत होतं. धार गेली आहे, एवढे तीन शब्द कुणाच्या तोंडून निघाले नाहीत.

तू पहिल्या रात्री विचारलंस, "ताई, जेवलात का?" शिकारीआधी मांजराच्या खानावळीत जेवून निघायचं असतं, पोटभर जेवलं की १०० ची हेल्थ १५० होते, हे मला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं. मग विचारलंस, "हातात काय धरावंसं वाटतं?" भारी कुठलं, ते नाही. सरावाच्या जागेत तासभर मी एकेक शस्त्र उचलून पाहिलं आणि तू कंटाळला नाहीस. मी ढाल-तलवार घेतली. "चांगलं केलंत, तलवार उपसलेली असतानाही औषध पिता येतं," म्हणालास. "इथे शिकाऱ्याची लेव्हल वाढत नाही ताई. चिलखत वाढतं आणि आपला हात बसतो." हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय.

अंजानाथला पाणी सोसत नाही म्हणून दोन रात्री आपण चिखलात ज्युराटोडस नावाच्या माशासारख्या प्राण्याच्या मागे फिरलो. त्याच्या अवयवांपासून माझी पाण्याची तलवार झाली. तुला त्यातलं काहीच नको होतं. तुझ्याकडे ते सगळं कधीचंच होतं.

आणि मग परवाची रात्र. एकदा मी पडून आले होते. अंजानाथच्या पाठीवरचे पंख फडकन उघडले, नाक फुगलं, घशात लाल उजेड दिसायला लागला. तलवारीची धार किती उरली ते दाखवणारी माझी पट्टी हिरव्यावरून पिवळी झाली होती, आता नारिंगी. मला कळत होतं, पण थांबायची हिंमत होत नव्हती. खाली बसून दगडावर तलवार घासायची म्हणजे तेवढा वेळ हलता येत नाही. आणि पूर्वी मी थांबले की कुणीतरी ओरडायचंच.

तेव्हा तू म्हणालास, "धार लावून घ्या ताई, मी आहे."

आवाज चढवला नाहीस. माझ्या आणि त्याच्या मध्ये येऊन उभा राहिलास आणि त्याला झाडांच्या बाजूला ओढत नेलंस. मी बसले. घास, घास, घास. आगीचा झोत तुझ्या अंगावर गेला, तू लोळून उठलास आणि वर विचारलंस, "झाली?" पट्टी हिरवी झाली होती. मला "हो" म्हणताना आवाज फुटेना.

पुढचं सगळं त्या एका "हो"नंतरचं आहे. तो लंगडत घरट्याकडे गेला, तेव्हा तू तुझी तलवार पाठीला लावलीस आणि मला पुढे जाऊ दिलंस. तो पडला तेव्हा बारा वाजून गेले होते. घरात सगळे झोपले होते, म्हणून मी तोंडावर पदर दाबून रडले.

मी पतसंस्थेत काउंटरवर बसते. पैसे काढायची स्लिप भरता येत नाही म्हणून मागे मागे उभे राहणारे म्हातारे रोज पाहते. त्यांच्यावर खेकसणारेही पाहते, आणि कधी एखादा तरुण मुलगा स्वतःचा नंबर सोडून "द्या काका, मी भरतो" म्हणतो, तेही पाहते. त्या मुलाचं नाव कुणी विचारत नाही. त्याला कुणी बढती देत नाही. पण त्या काकांच्या चेहऱ्यावर जे येतं ते मी लांबून पाहिलं होतं, परवा पहिल्यांदा स्वतःच्या चेहऱ्यावर जाणवलं. ज्याला येतं त्याने न येणाऱ्यासाठी थोडा वेळ उभं राहायचं. घरच्यांनी तुला हे शिकवलं असेल, तर त्यांनाही माझा नमस्कार सांग.

तुझे आभार मानायला मला याहून मोठे शब्द सापडत नाहीत. मनापासून धन्यवाद, दादा.

अंजानाथच्या चिलखताला अजून थोडं सामान कमी पडतंय. शनिवारी रात्री दहाला मी तंबूपाशी असेन. जेवून, आणि धार लावून.

तुझी,
ढाल-तलवारवाली ताई