सासूबाईंची खोली आणि आमच्या चित्रकलेच्या बाई

आदरणीय बाई,
सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानलेले तुम्हाला चालत नाहीत. "पुरे गं" म्हणता आणि विषय बदलता. म्हणून हे उघड पत्र. शिवाय हल्ली घरी येणारा जो तो आतल्या खोलीत डोकावतो आणि "इंटिरियरवाला कोण तुमचा?" म्हणून विचारतो. प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहिलेलं बरं.

बाकीच्यांसाठी थोडी पार्श्वभूमी. सासूबाई गुहागरचं घर बंद करून कायमच्या आमच्याकडे डोंबिवलीला येणार, असं दिवाळीत ठरलं. त्यांना द्यायला होती ती मागची १० बाय ११ ची खोली. खिडकी एकच, तीही पश्चिमेला. आधी एका कंपनीचा माणूस टॅब घेऊन येऊन गेला. त्याने बसल्या बसल्या थ्रीडी चित्र काढून दाखवलं: फॉल्स सीलिंग, त्यात लपवलेले दिवे, पलंगामागे राखाडी गुबगुबीत पॅनेल. दिसायला झकास. पण त्या खोलीत सत्तरी ओलांडलेली बाई दिवसभर काय करणार, याचा चित्रात पत्ता नव्हता. गोदरेजचं कपाट तर त्याने परस्पर भंगारातच काढलं होतं.

मग मी तुम्हाला फोन केला, तो फक्त भिंतीच्या रंगापुरता. शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएटला तुम्ही आमच्याकडून संकल्पचित्रं घोटवून घेतलीत, तेव्हा एवढं तर सांगालच, असा माझा हिशेब. तुम्ही आलात त्या रिकाम्या हाताने, रंगांच्या नमुन्यांचं शेडकार्डसुद्धा न आणता, आणि आईंशीच गप्पा मारत बसलात. सकाळी उठल्यावर पहिल्यांदा हात कशाकडे जातो? चष्मा कुठे ठेवता? दुपारी आडव्या होता की खुर्चीतच डुलकी काढता? रात्री किती वेळा उठावं लागतं? आमच्या आई एरवी सगळ्याला "काहीही चालेल हो" म्हणणाऱ्या. पण त्या दिवशी बोलल्या. "भिंत पांढरी नको. दवाखान्यात निजल्यासारखं वाटतं." इतक्या वर्षांत त्यांनी एखादी गोष्ट नको म्हटलेली मी तरी ऐकली नव्हती.

माझ्या मोबाइलमध्ये साठवलेल्या खोल्यांचे फोटो तुम्ही शांतपणे बघितलेत आणि एवढंच विचारलंत, "यातल्या किती खोल्यांत पश्चिमेचं ऊन येतंय?" एकीतही नव्हतं.

मूडबोर्ड, म्हणजे खोलीतले रंग, लाकूड, कापड यांचे नमुने एकत्र लावून बघायचा फलक, हा नुसता आवडलेल्या चित्रांचा कोलाज असतो, अशी माझी समजूत. तुमचा बोर्ड सुरू झाला तो बदलता न येणाऱ्या गोष्टींपासून. माळ्यावर बिल्डरने सोडलेली एक जादा फरशी सापडली, ती खाली आडवी ठेवलीत, कारण फरशीवर उजेड वरून पडतो आणि भिंतीवर बाजूने. भिंतीचे नमुने मात्र ड्रॉइंग बोर्डाला लावून उभे. गोदरेजच्या कपाटाचा तो राखाडी-हिरवा रंग बोर्डाला टाचता येईना, तर तुम्ही पोस्टर कलर कालवून कार्डशीटच्या तुकड्यावर हुबेहूब उतरवलात. आईंच्या सागवानी आरामखुर्चीसाठी तिच्याच पॉलिशची एक पट्टी. मग म्हणालात, "हे तीन ठरलेले आहेत. आता यांच्याशी ज्याचं पटेल तेच आत येईल."

रंगाची सर्वात छोटी डबी आणून कार्डशीटवर दोन हात मारायला लावलेत, तेव्हा मला ते फुकटचं काम वाटलं होतं. शेडकार्डावरचा तिकिटाएवढा चौकोन आणि चार भिंती यांत किती फरक पडतो, ते नंतर कळलं. तीच छटा मोठ्या भिंतीवर जास्त भडक वाटते, आणि समोरासमोरच्या भिंती एकमेकींचा रंग परावर्तित करून आणखी भर घालतात. म्हणून आवडलेल्या सायीच्या रंगापेक्षा पट्टीवरची एक पायरी फिकी छटा घेतली. तीही ६५०० केल्विनच्या (हे उजेडाच्या छटेचं माप; आकडा कमी तेवढा उजेड पिवळा) पांढऱ्या ट्यूबखाली फिकुटलेली, किंचित हिरवट दिसायची आणि ३००० च्या पिवळ्या बल्बखाली लोण्यासारखी. शेवटी छताला ४००० चा दिवा आणि उशाशी ३००० चा, असं ठरलं. रंग आधी आणि दिवे मागाहून असंच सगळे करतात. तुम्ही दोन्ही एकाच बोर्डावर ठरवलेत.

पण ज्यासाठी हे पत्र लिहिते आहे, ती गोष्ट वेगळीच. आईंच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, डावा राहिला होता. बोर्डासमोर बसवून तुम्ही त्यांना आधी एक डोळा झाकायला सांगितलात, मग दुसरा. उजव्याने बघून आई म्हणाल्या, "हा तर पांढरटच आहे." डाव्याने बघितलं आणि म्हणाल्या, "अगंबाई, हा पिवळा की!" कार्ड तेच, उजेड तोच. वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं, मोतीबिंदूत तर फारच, आणि नवं भिंग बसलं की अडलेला निळा प्रकाश पुन्हा आत येतो, हे तुम्ही सांगितलंत. पुढचं आम्हा कुणाच्या डोक्यात आलं नसतं: दुसरा डोळाही लवकरच होणार आहे, तेव्हा रंग उजव्या डोळ्याच्या मताने ठरवा. तसाच ठरवला. आता दोन्ही डोळे झालेत, आणि आईंना भिंत जशी हवी होती तशीच दिसते.

त्यानंतरचा धडा तर थेट वर्गातला. "डोळे बारीक करून बघ." स्थिरचित्राच्या वेळी छायाभेद दिसावेत म्हणून तुम्ही हेच ओरडायचात. बोर्डाचा फोटो मोबाइलवर कृष्णधवल केला, तर पलंगासाठी निवडलेलं फिकट लॅमिनेट आणि फरशी एकाच राखाडीत मिसळून गेले! रंगात बघताना दोन्ही किती वेगळे वाटत होते. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या मानाने साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो म्हणतात. अशा डोळ्याला रात्री पलंगाची कड कुठे संपते ते कसं दिसायचं? म्हणून पलंगाची कड गडद सागवानी झाली, बाथरूमच्या दाराची चौकटही, आणि स्विचबोर्डाभोवती त्याच गडद लॅमिनेटची पट्टी आली. बघणारे "काय मॅचिंग केलंय" म्हणतात. म्हणू देत.

खणाचीही गंमत. आईंकडे कर्नाटकातल्या गुळेदगुड्डच्या चोळीच्या खणांची जुनी चवड होती. सगळे पडदे त्याचेच करावेत, अशी माझी इच्छा. तुम्ही कात्री घेतलीत आणि बोर्डावरचा माझा वीतभर खण अंगठ्याएवढा केलात. खोलीत जी वस्तू जेवढी जागा व्यापणार, तेवढाच तिचा तुकडा बोर्डावर. डिझाइनवाले ६०-३०-१० चं सूत्र सांगतात (साठ टक्के मुख्य रंग, तीस टक्के दुसरा, दहा टक्के उठावाचा), त्यावर तुम्ही फक्त हसलात. पण मोजून बघितलं तर तुमचा बोर्ड त्याच्या जवळपासच होता. पडदे साधे सुती मळखाऊ झाले आणि खण दोन उशांवर आला. आता तो दिसतो तरी. चारी बाजूंना असता तर हरवला असता, हे आज मान्य.

आणि बोर्डाची मागची बाजू! प्रत्येक तुकड्यामागे दुकान, कंपनीचा नंबर, भाव आणि किती लागणार, असं सगळं तुमच्या त्या टपोऱ्या अक्षरात. सुतारकाकांनी बोर्ड उलटा करून वाचला आणि एरवी दहा फेऱ्या घालणारा माणूस एका यादीत सामान घेऊन आला. ऐन वेळी गडद लॅमिनेटचा तो नंबर मिळेना, तेव्हा बोर्ड पिशवीत घालून दुकानात गेले आणि काउंटरवर फरशीचा तुकडा शेजारी ठेवून पर्यायी निवडला. दुकानदाराला वाटलं मीच डिझायनर. दोन टक्के सूट मिळाली!

तुम्ही पैसे घेतले नाहीत, साडी घेतली नाहीत. डबीतला उरलेला रंग तेवढा शाळेतल्या मुलांसाठी मागून नेलात. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना त्यांच्या मुलाची अभ्यासाची खोली करायची आहे आणि त्या तुमचा नंबर मागतायत. तुम्हाला विचारल्याशिवाय दिलेला नाही. पण बोर्ड कसा करायचा ते मी त्यांना सांगायला सुरुवात केली आहे, चुकलं तर कान धरा.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.
तुमची विद्यार्थिनी

ता. क. रविवारी संध्याकाळी पाचला चहाला याल का? आता ऊन थेट आरामखुर्चीवर येतं आणि पडद्याला अस्तर लावायचं की नाही यावर आमच्याकडे दोन पक्ष पडलेत. आई अस्तराच्या विरोधात आहेत. अस्तराचे दोन नमुने आणून ठेवते.