ऑपरेशनच्या आधीचा दिवस कोणाच्या ड्यूटीत येतो?

प्रति,
माननीय लोक स्वास्थ्य व चिकित्सा शिक्षा मंत्री,
मध्य प्रदेश शासन, भोपाळ

विषय: लहान मुलांच्या ऑपरेशनआधी मुलाची व घरच्यांची तयारी करून घेण्यासाठी स्वतंत्र कर्मचारी नेमण्याबाबत

महोदय,

लहान मुलाचे ऑपरेशन ठरले की कामाची वाटणी चोख असते. सर्जन ऑपरेशन करतात, भूलतज्ज्ञ भूल देतात, सिस्टर ट्रॉली लावते, वॉर्डबॉय फाइल घेऊन धावतो, खिडकीवरचा बाबू आयुष्मान कार्ड तपासतो. पाच वर्षांच्या पोराला ‘उद्या तुझ्याबरोबर काय होणार आहे’ हे सांगणे मात्र कोणाच्याच ड्यूटीत नाही. ज्याला वेळ मिळेल तो सांगतो, म्हणजे बहुधा कोणीच सांगत नाही. हे काम एका माणसाच्या नावावर लिहून द्यावे, एवढेच मागायला हे पत्र आहे.

मी इंदूरची. नोकरीचा बहुतेक काळ ऑपरेशन थिएटरमध्ये, म्हणजे ओटीत, सिस्टर म्हणून गेला. पत्र मराठीत लिहिते आहे, कारण इथल्या आमच्या मराठी माणसांनीही ते वाचावे, त्यावर बोलावे. हिंदी प्रत आपल्या कार्यालयाकडे टपालाने वेगळी पाठवली आहे. कुठल्याही रुग्णालयाचे नाव यात घेतलेले नाही. जे लिहिते आहे ते एका इमारतीचे दुखणे नाही आणि नाव घेतले की चौकशी त्या एका इमारतीची होते, बाकीच्या सुटतात.

सुरुवात उपाशीपणापासून करते, कारण सगळा घोळ तिथून सुरू होतो. भूल दिली की खोकण्याची, गिळण्याची प्रतिक्षिप्त क्रिया थांबते आणि पोटातले काही वर आले तर ते फुप्फुसात जाऊ शकते. म्हणून पोट रिकामे हवे. त्याचे तासही ठरलेले आहेत: जेवण आणि वरचे दूध सहा तास आधी बंद, आईचे दूध चार तास, साधे पाणी दोन तास. युरोपातल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने तर 2022 च्या मार्गदर्शक सूचनांत मुलांना एक तास आधीपर्यंत पाणी चालेल असे म्हटले आहे. आपल्याकडे वॉर्डात काय सांगतात? ‘रात बारह के बाद कुछ नहीं देना.’ सगळ्यांना एकच वाक्य, मग ते मूल आठ महिन्यांचे असो की बारा वर्षांचे, त्याचा नंबर सकाळी आठला असो की दुपारी दोनला. यादी पुढे सरकते, मध्ये इमर्जन्सी येते आणि ते लेकरू चौदा तास थेंबभर पाण्याशिवाय राहते. ओठ सुकतात, रडून आवाज बसतो, शीर सापडत नाही, मग दोन-तीन ठिकाणी टोचावे लागते. नंतर आम्हीच म्हणतो, ‘पोरगं फार त्रास देतं बाई!’

याची दुसरी बाजूही आहे. कारण न सांगता नुसते ‘देऊ नका’ म्हटले की आजी पदराआडून बिस्किट देतेच. तिच्या लेखी ती माया असते. आणि हे इंदूर आहे, साहेब. इथे सकाळचे पोहे म्हणजे जेवण नव्हे, आणि दुधाचा चहा म्हणजे पाणीच, अशी माणसांची प्रामाणिक समजूत असते. ‘काही खाल्लं का?’ विचारले तर ‘नाही’ म्हणतात, खोटे बोलत नसतात. पोहे दिलेत का, चहा दिलात का, असे नाव घेऊन विचारावे लागते. भुलीच्या टेबलावर मूल उलटी करते तेव्हा आत काय धावपळ होते ते बाहेरच्या आजीला कधी कळत नाही. आदल्या संध्याकाळी दहा मिनिटे बसून कोणी सांगितले असते, तर त्या आजीनेच रात्रभर पहारा दिला असता.

आता दाराची गोष्ट. ओटीच्या दारात मूल आईकडून काढून घेतात. ‘काढून घेतात’ हेच बरोबर आहे, कारण ते जात नसते. हिरव्या कपड्यांतली, तोंड झाकलेली अनोळखी माणसे, थंडगार खोली, डोक्यावर भला मोठा दिवा, मग तोंडावर विचित्र वासाचा मास्क. त्यातून घरोघरी आपण मुलांना काय शिकवलेले असते? ‘जेवला नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील.’ मराठी घर असो की मालवी, हा धाक सगळीकडे सारखा. ज्याच्या नावाने तीन वर्षे भीती घातली, त्याच्याच हातात अचानक मूल सोपवायचे आणि वर म्हणायचे, ‘घाबरू नको, काही नाही होणार.’

हे ‘काही नाही होणार’ फार फसवे आहे. अमेरिकेत येल विद्यापीठातल्या भूलतज्ज्ञांनी दोन ते दहा वर्षांच्या मुलांवर एक अभ्यास केला होता, तो 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. आईवडिलांना आधीच व्हिडिओ दाखवला, मास्क घरी नेऊन मुलाला खेळायला दिला, आत गेल्यावर काय बोलायचे आणि लक्ष दुसरीकडे कसे वळवायचे ते शिकवले. त्यातली एक सूचना अशी होती की उगाच धीर देत बसू नका. ‘घाबरू नको’ पाच वेळा ऐकले की घाबरण्यासारखे काहीतरी आहे हे मुलाला पक्के कळते. ज्या कुटुंबांची अशी तयारी करून घेतली त्यांची मुले आत जाताना कमी घाबरली, भुलीतून उठताना कमी बिथरली, त्यांना दुखण्याची औषधे कमी लागली आणि ती लवकर घरी गेली. म्हणजे आपल्या हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर औषध वाचले आणि खाटही लवकर मोकळी झाली.

यावरून ‘सगळ्या आयांना आत सोडा’ असा आदेश काढू नका, ही हात जोडून विनंती. काही जण हीच मागणी करतात, मला ती अर्धवट वाटते. जिला काहीच सांगितलेले नाही अशी आई आत आली, मुलाचे डोळे फिरताना, अंग सैल पडताना तिने पाहिले, तर ती स्वतःच कोसळते आणि टेबलावरचे मूल सोडून दोन माणसांना तिला धरावे लागते. आधी आईची तयारी, मग दार उघडायचे. आणि जिला आत यायचे नाही, तिला बळजबरी नको.

मूल शुद्धीवर येताना काय होते, हेही आधी सांगायला हवे. काही मुले भुलीतून उठताना किंचाळतात, हातपाय झाडतात, आईला ओळखत नाहीत. बहुतेक वेळा हे दहा-वीस मिनिटांत, फार तर अर्ध्या तासात ओसरते आणि मुलाला नंतर आठवतही नाही. पण ज्या बापाला हे ठाऊक नाही त्याला वाटते, डॉक्टरांनी पोराच्या डोक्याचे काहीतरी केले. वॉर्डातली निम्मी भांडणे इथे पेटतात आणि मग आपण सुरक्षारक्षक वाढवतो.

आपल्या विभागाच्या अडचणी मला ठाऊक आहेत. इंदूर संभागात, म्हणजे महसुली विभागात, आठ जिल्हे. झाबुआ, अलीराजपूर, बडवानी, खरगोन इथून माणसे येतात, रात्रीची बस पकडून. बाप पुष्कळदा मजुरीला गुजरातेत, बरोबर आई आणि एखादा काका. त्यांची बोली भिली किंवा निमाडी, आणि संमतीपत्रावरची हिंदी अशी की मलाही दोनदा वाचावी लागे. सही किंवा अंगठा घेतला की कागद पूर्ण होतो. रुग्णाला समजेल अशी माहिती देऊन घेतलेली संमतीच खरी संमती, हे सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्येच सांगून ठेवले आहे. ते किती ठिकाणी पाळले जाते, हे आपण कुठल्याही वॉर्डात न सांगता जाऊन अर्धा तास उभे राहिलात तरी कळेल.

याच माणसांचा सर्वात मोठा तोटा होतो तो सर्दीने. मुलाला ताप, कफ असेल तर भूल देणे धोक्याचे, ऑपरेशन काही आठवडे पुढे ढकलावे लागते. निर्णय बरोबरच असतो. पण तो कधी कळतो? दीडशे-दोनशे किलोमीटर येऊन, मजुरी बुडवून, सोयाबीनची कापणी अर्धवट टाकून, मुलाला रात्रभर उपाशी ठेवल्यावर. दोन दिवस आधी एक फोन गेला असता, ‘मुलाला खोकला आहे का? नाक वाहतं आहे का?’ एवढे विचारले असते, तर ही फेरी वाचली असती आणि त्या दिवशीच्या यादीत दुसऱ्या मुलाचा नंबर लागला असता.

बारीकसारीक गोष्टी तर किती सांगू! करदोटा, काळा धागा, ताईत, चांदीचे वाळे. रक्त थांबवण्याचे विजेचे यंत्र वापरायचे तर अंगावर धातू नको, म्हणून ते काढावे लागतात, आणि ऐन वेळी आम्ही कात्रीने कापून टाकतो. त्या आईच्या दृष्टीने आम्ही तिच्या लेकराचे कवच काढलेले असते. आदल्या दिवशी सांगा, ती स्वतःच्या हाताने सोडेल आणि आपल्या मनगटाला बांधून ठेवेल. असे करणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. त्या शांत असतात आणि त्यांची मुलेही शांत असतात. नखांवर नेलपॉलिश लावू नका, ऑक्सिजन मोजणारी चिमटी बोटावर लावायची असते, हेही आधी सांगितले तरच उपयोगाचे.

1959 साली इंग्लंडमध्ये सर हॅरी प्लॅट यांच्या अध्यक्षतेखाली एका समितीने अहवाल दिला होता. मुलांना रुग्णालयात आईवडिलांना मोकळेपणाने भेटू द्यावे, लहान मुलांच्या आयांची राहण्याची सोय करावी, मुलांना भरतीसाठी आधीपासून तयार करावे, असे त्यात होते. आपल्याकडे आई खाटेजवळ असतेच, खाटेखाली झोपते, त्यासाठी समिती बसवावी लागली नाही. निम्मे काम आपल्या माणसांनी न सांगता केले आहे. उरलेले निम्मे, तयारीचे, तेवढे शासनाचे.

पैशांचा प्रश्न निघेल म्हणून सांगते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून आहे. त्याची पथके अंगणवाड्या-शाळांत जाऊन मुलांमधले दोष शोधतात, फाटलेला ओठ, हृदयाचे छिद्र, वाकडे पाऊल. आयुष्मान योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचे संरक्षण आहे, आणि भरतीच्या आधीचे तीन दिवस व नंतरचे पंधरा दिवस यांचा खर्चही त्यात धरलेला आहे. मूल सापडते, कार्ड निघते, ऑपरेशनचे पैसे मिळतात. त्या आधीच्या तीन दिवसांत तपासणीचे रिपोर्ट गोळा होतात, पण मुलाशी आणि त्याच्या घरच्यांशी कोणी बोलत नाही. जे पथक दोष शोधून काढते त्याच्याच हाती एक मास्क, एक बाहुली आणि मोबाइलवरचा पाच मिनिटांचा भिली-निमाडी व्हिडिओ दिला तर तयारी गावातच सुरू होईल. आवाज शोधायला लांब जायला नको. मालवी-निमाडी बोलणारे कलाकार इंदूरच्या आकाशवाणीने कधीच ओळखून ठेवले आहेत. बाहुल्यांचे काम बालनाट्य करणारी आमची मराठी मंडळी आनंदाने करतील, त्यांना फक्त कोणीतरी बोलवायला हवे.

पण मुख्य मागणी माणसाची. जिथे मुलांची ऑपरेशने होतात अशा प्रत्येक सरकारी रुग्णालयात एक व्यक्ती. नवी पदवी, नवे भवन, उद्घाटन यांतले काहीही नको. अनुभवी स्टाफ नर्स चालेल, वैद्यकीय समाजसेवक चालेल. काही आठवड्यांचे प्रशिक्षण पुरे. आदल्या दिवशी तिने मुलाला भेटावे, त्याच्या हातात मास्क द्यावा, बाहुलीला सलाइन लावून दाखवावे. लहानग्याला एक दिवस आधी सांगितलेले पुरते, शाळेत जाणाऱ्याला आठवडाभर आधी कळलेले बरे, कारण त्याला प्रश्न पडतात आणि ते विचारायला वेळ लागतो. ‘दुखणार नाही’ असे तिने कधीही म्हणू नये. ‘टोचताना मुंगी चावल्यासारखं होईल, मग आपण मलम लावू’ असे खरे सांगावे. ते सुन्न करणारे मलम तासभर आधी लावावे लागते, म्हणजे त्यासाठीही कोणीतरी घड्याळ बघणारे हवेच. भूलतज्ज्ञांशी बोलून कोणत्या मुलाला कितीपर्यंत पाणी द्यायचे, ते खाटेवर वेळेसकट लिहून ठेवणे आणि सर्वात लहान मुलांचे नंबर यादीत आधी लावून घेणे, हेही तिचेच काम.

आदेशात एक ओळ मात्र न विसरता घाला: या व्यक्तीला इतर वॉर्डात ड्यूटी लावू नये. ही ओळ नसेल तर काय होईल ते आत्ताच सांगते. पहिल्या आठवड्यात तिला रजिस्टर लिहायला बसवतील, दुसऱ्यात कोणाच्या सुटीच्या जागी रात्रपाळी देतील आणि महिन्याभरात बाहुली मेट्रनच्या कपाटात जाईल. चांगल्या योजना अशा संपताना मी पाहिल्या आहेत. खासगी रुग्णालयांचेही फारसे वेगळे नाही. तिथे भिंतीवर कार्टून असतात एवढेच.

2017 ते 2023 या काळात दरवर्षी स्वच्छतेत इंदूर देशात पहिले आले. ते झाडूंमुळे झालेले नाही. रोज सकाळी कचऱ्याची गाडी कोणत्या गल्लीत कोणाची, हे ठरलेले असल्यामुळे झाले आहे. या कामातही माणूस ठरला की बाकीचे आपोआप मार्गी लागते, आणि सुरुवात करायला इंदूर संभागाइतकी चांगली जागा नाही.

आदेश निघाला तर पहिल्या तुकडीला शिकवायला मी येईन. मानधन नको. वॉर्डाजवळ दार लागणारी एक खोली आणि वापरायला थोडे जुने मास्क मिळाले की पुरे.

आपली नम्र,
एक निवृत्त ओटी सिस्टर
रामबाग, इंदूर