गच्चीवरची पवनचक्की काढण्याच्या सूचनेबाबत अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापन समिती,
आपली सहकारी गृहनिर्माण संस्था,
जुळे सोलापूर

विषय : घरगुती पवनचक्की वादळी वाऱ्यात सुरक्षित ठेवण्याची व्यवस्था व त्यासाठी परवानगी

मा. अध्यक्ष साहेब,
सप्रेम नमस्कार.

परवाच्या वळवात गच्चीवरून जो घोंघावण्याचा आवाज आला, त्यानंतर समितीची लेखी सूचना मला मिळाली : पवनचक्की काढून टाकावी. लोक घाबरले ते योग्यच होतं. खाली गाड्या उभ्या असतात, मुलं खेळतात, आणि फिरतं पातं तुटून उडालं तर ते कुठे जाऊन पडेल याचा नेम नाही. म्हणून त्या संध्याकाळी नेमकं काय घडलं आणि पुढे ते घडू नये म्हणून काय करावं लागेल, हे सविस्तर लिहितो आहे.

टाकीच्या वॉटरप्रूफिंगचं काम चालू होतं. पवनचक्कीकडून बॅटरीकडे जाणारी केबल आड येते म्हणून कामगारांनी ती जंक्शन बॉक्समधून सोडवून ठेवली. मला कोणी कळवलं नाही, पण त्यांच्या मनात वावगं काही नव्हतं. वायर काढली म्हणजे करंट गेला, धोका टळला, असं त्यांना वाटलं. सोलर पॅनेलला हे लागू पडतं. त्याची वायर काढली तर ते नुसतं उन्हात पडून राहतं. पवनचक्कीचं बरोबर उलटं आहे. जनित्रातून वीज ओढली जात असते तोवरच पात्यांना अटकाव असतो. तो भार सुटला की त्यांना आवरणारं काही उरत नाही आणि त्याच वाऱ्यात ती कितीतरी जास्त वेगाने फिरू लागतात. वेग दुप्पट झाला तर पात्याच्या बुडाशी बसणारी ओढ चौपट होते. आपण सगळ्यांनी ऐकलेला आवाज त्या भार सुटलेल्या पात्यांचा होता.

वाऱ्याचा हिशोबही सांगतो, कारण भीतीचं मूळ तिथे आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली शक्ती दुप्पट होत नाही, आठपट होते. ताशी 36 किलोमीटरच्या वाऱ्यात माझं 1.8 मीटर व्यासाचं पात्यांचं चक्र साधारण 400 वॉट देऊ शकतं. ताशी 72 किलोमीटरचा झोत आला तर त्याच चक्रावर आठपट शक्ती येऊन आदळते, आणि खांबाला मागे ढकलणारा जोर चौपट होतो. ती सगळी वीज पकडायला जाणं हा वेडेपणा ठरेल. साताऱ्याकडे वनकुसवड्याच्या पठारावर ज्या पवनचक्क्या दिसतात, तसल्या मोठ्या यंत्रांचंही तेच आहे. वारा सेकंदाला 25 मीटरच्या आसपास गेला की ती पात्यांचा कोन बदलून वारा सोडून देतात आणि थांबतात. जोराच्या वाऱ्यातून बाजूला होता येणं, हा पवनचक्कीचा पहिला गुण.

माझ्या यंत्रात हे काम चक्रामागची शेपूट करते. स्कॉटलंडमधले ह्यू पिगॉट यांनी घरी बांधायच्या पवनचक्क्यांसाठी ज्या पद्धतीचा प्रसार केला, तीच मी वापरली आहे. चक्र खांबाच्या अगदी मध्यावर न बसवता थोडं एका अंगाला बसवलेलं असतं, त्यामुळे वारा त्याला सतत वळवायला बघतो. शेपूट त्याला वाऱ्यासमोर धरून ठेवते. पण शेपटीची बिजागरी मुद्दाम तिरकी आहे. ती दुमडायची तर तिला थोडं वर उचललं जावं लागतं. साध्या वाऱ्यात तिचं वजनच तिला जागेवर ठेवतं. झोत वाढला की वजन कमी पडतं, शेपूट वर जाऊन दुमडते आणि चक्र वाऱ्याला आडवं होतं. वारा उतरला की शेपूट आपल्याच वजनाने खाली येते. यात ना स्प्रिंग, ना मोटर. माझं आयुष्य यंत्रमागाच्या फिटरकामात गेलं. बाण्याचा धागा तुटला की माग आपसूक थांबतो, कारागिराचं लक्ष असो वा नसो. शेपटीचं काम मला तसंच वाटतं, म्हणून तिच्यावर माझा भरवसा आहे. परवाही केबल सुटलेली असताना शेवटी तिनेच चक्र बाजूला घेतलं.

तरी केवळ शेपटीच्या भरवशावर राहावं असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे जून ते ऑगस्टचा पश्चिमेचा वारा सलग असतो, त्याचं काही वाटत नाही. त्रास एप्रिल-मेच्या संध्याकाळचा. दिवसभर ऊन तापतं, मग ढग येतात, धुळीचा लोट उठतो आणि वारा कुठल्याही दिशेने फिरतो. त्यात गच्चीवर टाकी, कठडा आणि जिन्याची खोली यांना आपटून तो आणखी भोवंडतो. फिरतं चक्र झटक्यात वळवलं गेलं की पात्यांना पीळ बसतो. म्हणून वळव येण्याची चिन्हं असली की खांब आडवाच असला पाहिजे, हे माझं ठाम मत आहे. खांब पायथ्याशी बिजागरीवर आहे. विंचने तो हळूहळू खाली घेता येतो आणि मग पाती दोरीने बांधता येतात. हवामान खात्याचा पुढच्या तीन तासांचा इशारा आणि विजांसाठी दामिनी ॲप, दोन्ही मोबाइलवर मिळतात. इशारा आला की खांब उतरवायचा, एवढा साधा नियम.

ब्रेकचा स्विचही आहे. जनित्राच्या तिन्ही तारा एकत्र जोडल्या की ते स्वतःलाच अडवतं आणि चक्र रांगत राहतं. पण हा स्विच वारा चढण्याआधी टाकायचा असतो. चक्र भरधाव असताना टाकला तर ते थांबेलच असं नाही, उलट तांब्याची गुंडाळी जळू शकते आणि मग ब्रेकही गेला. म्हणून हा स्विच आणि केबल माझ्याशिवाय किंवा समितीने नेमलेल्या माणसाशिवाय कोणी हलवू नये. मी तिथे कुलपाची पेटी बसवतो, एक चावी आपल्या कार्यालयात ठेवतो आणि मराठीत मोठी पाटी लावतो. बॅटरी भरल्यावरही भार सुटू नये म्हणून कंट्रोलर जास्तीची वीज हीटरच्या तारांकडे वळवतो. त्या तारा पत्र्याच्या जाळीत बंद आहेत आणि गरम होतात, तेव्हा त्यांच्याजवळ कपडे वाळत घालू नयेत, हेही पाटीवर लिहीन.

आता मुख्य विनंती. खांबाला चहूबाजूंनी ताणून धरणाऱ्या चार तारांचे हूक सध्या कठड्यात आहेत, ते तिथे राहू नयेत. कठडा विटांचा आहे, वरच्या दिशेने ओढ सोसण्यासाठी तो बांधलेला नाही. हे हूक आरसीसी कॉलमच्या माथ्यावर न्यायला मला परवानगी हवी आहे, आणि जागा कोणती हे संस्थेच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरनी ठरवावं. इमारतींवरच्या वाऱ्याच्या भारासाठी आयएस 875 या भारतीय मानकाचा तिसरा भाग आहेच, त्याप्रमाणे त्यांनी तपासावं. खांबाला स्वतंत्र अर्थिंग आणि पायथ्याखाली स्लॅबपर्यंत थरथर पोचू नये म्हणून रबरी पॅड, हेही त्यांच्या देखत करू. इंजिनिअरची फी आणि सगळा खर्च माझा.

वळवात वीज जाते तेव्हा जिन्यातले दिवे याच बॅटरीवर चालतात. वरच्या मजल्यावरच्या आजींना अंधारात पायऱ्या उतरायला लागू नयेत, ही माझी कळकळ आहे. तरीही इंजिनिअरनी हूक नाकारले तर मी वाद घालणार नाही. यंत्र मंद्रूपजवळच्या आमच्या शेतात नेईन. मोकळ्या रानात वारा गच्चीपेक्षा चांगलाच मिळेल. जिन्यासाठी मग सोलरचा विचार करू.

खांब आजच आडवा करून पाती बांधून ठेवली आहेत. परवानगीचा निर्णय होईपर्यंत तो उभा करणार नाही. काढून टाकण्याची सूचना तोवर स्थगित ठेवावी आणि इंजिनिअर कधी येऊ शकतील ते कळवावं. त्या दिवशी समितीसमोर खांब उभा करून, ब्रेक टाकून आणि पुन्हा उतरवून दाखवीन.

आपला नम्र,
एक सभासद
बी विंग, तिसरा मजला