सूचना : पाडव्याच्या साफसफाईत गॅसची नळीही तपासावी

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, चैत्र शुद्ध प्रतिपदेला सुरू होणाऱ्या नववर्षासाठी घरोघरी जळमटे काढून माळे झाडले जातीलच, परंतु त्यासोबत प्रत्येकाने स्वयंपाकघरातील गॅसची नळीही आवर्जून पाहावी, अशी समितीची कळकळीची विनंती आहे. ही नळी दर पाच वर्षांनी बदलावी लागते. तिच्यावरील तेलकट थर ओल्या फडक्याने पुसल्यास छापलेले वर्ष वाचता येते; मुदत शिल्लक असली तरी वाकवताना बारीकशी भेग दिसल्यास वितरकाकडून नवी नळी बसवून घ्यावी आणि तोवर शेगडी वापरू नये. सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर आतील बाजूस पुढील चाचणीची तिमाही व वर्ष लिहिलेले असते. ‘ए’ म्हणजे जानेवारी ते मार्च आणि ‘डी’ म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. ती तिमाही उलटून गेलेले सिलिंडर स्वीकारू नये.

मुदत संपलेली औषधे बाजूला काढावीत. माळ्यावरून उतरवलेले सामान जिन्यात ठेवू नये, कारण अडचणीच्या वेळी ज्येष्ठांना तीच एक वाट असते. गॅलरीत गुढी उभारताना काठी कठड्याला दोन ठिकाणी घट्ट बांधावी. खाली मुले खेळत असतात.

— व्यवस्थापक समिती