रिमोटच्या गाडीचा स्टेअरिंग सर्वो चुकीचा बसवल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

दिवाळीत मुलासाठी तुमच्या कंपनीची रिमोटची गाडी मागवली. खोक्यातून काढली त्याच दिवशी पडवीतल्या फरशीवर ती डावीकडे ओढू लागली. हेल्पलाइनवर फोन केला, तर "ट्रिम फिरवा" एवढेच उत्तर मिळाले. ट्रिम म्हणजे रिमोटवरची स्टेअरिंगचा मध्य थोडा सरकवायची सोय. ती उजवीकडे टोकाला नेल्यावर गाडी कशीबशी सरळ चालली.

खरा प्रकार दिसला तो गुहागरच्या पुळणीवर. ओहोटीला वाळू ओली आणि घट्ट असते, चाकांचे माग स्वच्छ उमटतात. डावीकडचे वर्तुळ दोन पावलांत बसले, उजवीकडचे पाच पावलांचे झाले. मुलाने स्वतः मोजले. डावीकडे पूर्ण वळवून धरले की सर्वो, म्हणजे चाके वळवणारी छोटी मोटार, घूं घूं करत राही आणि हाताला गरम लागे.

माझे मोटार रिवाइंडिंगचे दुकान आहे, म्हणून गाडी तिथे नेली. आधी रिमोट सुरू केला, मग गाडी, ट्रिम शून्यावर. अशा वेळी गाडीतला रिसीव्हर सर्वोला मध्याचा इशारा म्हणून १५०० मायक्रोसेकंदांचा पल्स देतो आणि शाफ्ट आपल्या मध्यावर थांबतो. तेव्हा शाफ्टवरचा हॉर्न, म्हणजे शाफ्टवर बसणारा छोटा प्लास्टिकचा हात, चाकांकडे जाणाऱ्या लिंकच्या दांडीला काटकोनात हवा. इथे तो सरळसरळ तिरका होता. शाफ्टला २५ दाते आहेत, म्हणजे एका दात्याला १४.४ अंश. तुमच्याकडे जोडणाऱ्याने हॉर्न नेमका एक दाता चुकवून बसवला होता. ट्रिम असते ती दात्यापेक्षा कमी उरलेला फरक काढायला. अख्ख्या दात्याची चूक तिच्यावर ढकलली, तर एका बाजूचे वळण तुटते आणि दुसऱ्या बाजूला सर्वो अडून तापतो. हे तुमच्या हेल्पलाइनला माहीत असायला हवे होते.

हॉर्न एक दाता फिरवून बसवला आणि गाडी ट्रिमशिवाय सरळ गेली. पण हॉर्नच्या आतले प्लास्टिकचे दाते आधीच चेपलेले होते, चार दिवसांत तो शाफ्टवर घसरू लागला. नवा मागितला, तर तुम्ही २४ दात्यांचा पाठवलात. तो या शाफ्टवर बसत नाही. ठोकून बसवला तर शाफ्टही जाईल, म्हणून मी तसे केले नाही.

आता तुमचे म्हणणे, गाडी उघडल्याने वॉरंटी संपली आणि दोष खाऱ्या हवेचा आहे. मी हॉर्नचा एक स्क्रू काढला, सर्वो उघडलेला नाही. खाऱ्या हवेने स्क्रू गंजतात, ते आम्ही रोज बघतो; तिने हॉर्न एक दाता सरकत नाही. शिवाय गाडी ओढत होती ती समुद्रावर नेण्याआधीपासून, पहिल्या दिवशीचा माझा फोन तुमच्या नोंदीत असेल.

पंधरा दिवसांत २५ दात्यांचा हॉर्न आणि तापलेल्या सर्वोच्या जागी नवा सर्वो तुमच्या खर्चाने पाठवावा. सर्वो मध्यावर कसा आणायचा याचे एक पान माहितीपुस्तिकेतही घालावे. आज त्यात त्याबद्दल एक ओळ नाही. तसे न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करीन.

चेपलेल्या हॉर्नचे आणि वाळूवरच्या दोन्ही वर्तुळांचे फोटो जोडले आहेत. २४ दात्यांचा हॉर्न याच पाकिटातून परत पाठवत आहे.

आपला ग्राहक,
गुहागर, जि. रत्नागिरी