चिंगी-पिंगीच्या खाऊबद्दल

प्रिय मंगेश,

सप्रेम नमस्कार. चिंगी-पिंगी या तुमच्या गिनीपिगना हापूसची फोड चालेल का, हे देण्याआधी विचारलंस ते फार बरं केलंस. अख्खी फोड नको. साल काढून अंगठ्याच्या नखाएवढा तुकडा दे, तोही आठवड्यातून एकदाच. दुसऱ्या दिवशी लेंड्या मऊ दिसल्या तर आंबा बंद.

हा जीव मुळात गवतावर जगणारा. त्याच्या आतड्यातले जिवाणू गवताचा चोथा पचवतात. साखर जास्त गेली की तिथलं सगळं बिघडतं, पोट फुगतं, आणि त्याला उलटीही होत नाही. दातसुद्धा जन्मभर वाढत राहतात, ते गवत चावूनच झिजतात. म्हणून वाळलेलं गवत दिवसरात्र समोर हवं. फवारणी न केलेली हरळी मिळाली तर तीही धुऊन घाल.

मग फळ द्यायचंच कशाला? तर आपल्यासारखंच त्यांच्याही शरीरात क जीवनसत्त्व बनत नाही. वजनाच्या किलोमागे रोज १० ते ३० मिलिग्रॅम लागतं. ते कमी पडलं की सांधे दुखतात, हिरड्यांतून रक्त येतं. पेरूत ते भरपूर असतं, बियांचा भाग काढून छोटा तुकडा दे. तरी रोजच्यासाठी माझं मत ढोबळी मिरचीलाच: संत्र्यापेक्षा क जास्त, साखर निम्म्याहून कमी. आमच्याकडे सुरीचा आवाज आला की आमच्या दोघी गिनीपिग जाळीवर पुढचे पाय टेकवून कुईकुई सुरू करतात, आणि लाल मिरचीची चकती आधी कडेने कुरतडत आतवर जातात.

सफरचंदाच्या बिया आठवणीने काढ, त्यांत सायनाइड तयार करणारा घटक असतो. द्राक्ष बिनबियांचं, अर्धंच, नीट धुतलेलं. आंबट संत्र्याने ओठांच्या कडा हुळहुळतात, ते क्वचितच. केळं अगदी चकतीभर. चिकू, सीताफळ, खजूर, बेदाणे मी देतच नाही. आणि अव्होकाडो कणभरही नको, त्यातलं पर्सिन विषारी आहे.

एक मात्र तनूला नक्की बजावून ठेव: चिंगी-पिंगीपैकी कुणी खाणं सोडलं तर सकाळची वाट पाहायची नाही. अर्ध्या दिवसाचा उपासही त्यांना झेपत नाही. रात्री कितीही वाजले असले तरी मला फोन कर, आमच्या डॉक्टरांचा नंबर देतो.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अविनाश