बचाव घ्यायचा तर पुरावाही हवा

विमा कंपन्यांचे वकील चालकाच्या परवान्याचे कारण पुढे करून अपघातग्रस्तांची भरपाई अडवतात, असे म्हणणारा आपल्या अंकातील लेख वाचला. तक्रार रास्त आहे. पण खोट बचावात नाही, तो सिद्ध न करण्यात आहे. चालकाकडे वैध परवाना नसेल तर भरपाईची जबाबदारी नाकारण्याचा हा बचाव मोटार वाहन कायद्यानेच कंपनीला दिला आहे. मात्र केवळ परवाना बनावट निघाला म्हणून भागत नाही. वाहनाच्या मालकाने वाजवी काळजी घेतली नाही, हे कंपनीने सिद्ध करावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये स्वर्णसिंग प्रकरणात सांगितले. प्रत्यक्षात कंपनीच्या कैफियतीत, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात, ‘परवाना वैध नव्हता’ हे ठरावीक वाक्य येते, कंपनीच्या तपासनीसाचा अहवाल जोडला जातो आणि पुरावा बंद. मालकाला परवाना हजर करण्याची नोटीस गेलेली नसते, आरटीओच्या लिपिकाला मूळ नोंदीसह समन्स निघालेले नसते. अहवालावर सही करणारा तपासनीसही उलटतपासणीला फिरकत नाही. (7500 किलोपर्यंतच्या मालवाहू वाहनाला हलक्या वाहनाचा परवाना चालतो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये स्पष्ट केल्याने तो आक्षेप तर आता घेऊच नये.) बचाव टिकला तरी बहुधा कंपनीने जखमीला आधी रक्कम द्यावी व नंतर मालकाकडून वसूल करावी, असाच आदेश होतो. कंपन्यांनी पॉलिसीच्या प्रमाणित प्रतीसह कागद वकिलाकडे कैफियतीआधीच पोहोचवावेत. पुराव्याच्या आदल्या संध्याकाळी फाइल हातात आली, तर समन्स काढायचे कधी?

– एक वकील, सातारा